श्रुतिका रंगमंचावर आणताना: आधी कात्री, ध्वनी सगळ्यात शेवटी

पुण्यातल्या हौशी संस्थांच्या तालमींना जाऊन बसलं की एक चित्र हमखास दिसतं. कुणाला तरी आकाशवाणीवरची एखादी जुनी श्रुतिका सापडलेली असते. अर्ध्या तासाची, पाच-सहा पात्रांची, संवाद चोख. झेरॉक्स निघतात, पाठांतर सुरू होतं. पंधरा दिवसांनी मंडळी उभी राहतात आणि मग लक्षात येतं की कुणी काही करतच नाहीये, सगळे नुसते बोलताहेत. मग घाईघाईनं कुणाच्या तरी हातात चहाचा कप दिला जातो, दुसऱ्याला खिडकीशी पाठवलं जातं आणि ‘ब्लॉकिंग झालं’, म्हणजे कुणी कुठं उभं राहायचं, कुठं हलायचं ते ठरलं, असं जाहीर होतं.

चूक नटांची नसते, क्रमाची असते. श्रुतिकेतलं जवळपास प्रत्येक वाक्य दोन नोकऱ्या करतं: पात्राचं म्हणणं मांडायचं आणि श्रोत्याला न दिसणारं दाखवायचं. रंगमंचावर दुसऱ्या नोकरीची गरज संपते. ती काढून घेतल्याशिवाय पाठांतराला हात लावायचा नाही, एवढ्या एका गोष्टीभोवती पुढचे सगळे टप्पे आहेत.

उदाहरणांसाठी एक श्रुतिका या लेखापुरती रचली आहे. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं ती सकाळ. नारायण पेठेतला नदीजवळचा वाडा. घरात इंदू, तिचे सासरे अण्णा आणि धाकटा दीर वसंता. माडीवर भाडेकरू जोशी मास्तर.

## १. परवानगी: कुणाकडून, कशाची

‘आकाशवाणीवर झाली होती, म्हणजे आकाशवाणीला विचारू’ हा पहिला गैरसमज. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण यांचे हक्क वेगळे, संहितेचा हक्क वेगळा. तुम्हाला प्रयोग संहितेचा करायचा आहे, आणि तो हक्क सहसा लेखकाकडे किंवा वारसांकडे असतो. लेखक नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून श्रुतिका लिहिली गेली असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो हक्क संस्थेचा असतो. म्हणून आधी लेखक किंवा वारसांकडे जा आणि करार कसा झाला होता ते विचारा.

मराठीत पुष्कळ श्रुतिका कथांवर बेतलेल्या असतात. तिथं परवानग्या दोन: कथाकाराची आणि श्रुतिकाकाराची. एकच घेऊन प्रयोग लावणारे दरवर्षी भेटतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं हक्क टिकतो. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून मोकळं झालं. १९७० साली वारलेल्याचं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत नाही.

परवानगी लेखी घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: रंगमंचीय रूपांतराची मुभा, संवाद गाळण्या-बदलण्याची मुभा, मुदत आणि प्रदेश. हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. ‘गाळण्याची मुभा’ हे शब्द विसरू नका. फोनवर ‘करा हो खुशाल’ म्हणणारे वारस पहिल्या प्रयोगाला येतात आणि बाबांची वाक्यं गेलेली बघून दुखावतात. तेही बरोबरच असतात.

सावधान: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे) संहिता पाठवण्याची घाई या टप्प्यावर करू नका. तिथं प्रयोगाची संहिता जाते, श्रुतिकेची नाही. टप्पा ६ संपेपर्यंत ती तयारच नसते.

## २. डोळे मिटून ऐका, मग यादी करा

छापील संहिता आणि प्रत्यक्ष प्रक्षेपित झालेलं यांत फरक असतो. निर्मात्यानं वाक्यं गाळलेली असतात, नटांनी भर घातलेली असते. ध्वनिमुद्रण मिळत असेल तर त्यावरून संहिता उतरवून घ्या. नसेल तर चार जणांना बसवून वाचून घ्या आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ फिरवून बसा. बघायचं नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ध्वनींची यादी करायची. प्रत्येक ध्वनीसमोर तो काय काम करतो ते लिहा:

- जागा सांगणारा (देवळातली घंटा, बोळातला गलका)
- घटना सांगणारा (दाराची कडी, भांडं पडणं)
- मन सांगणारा (सतारीचा एक तुकडा, घड्याळाची टिकटिक)
- नुसतं जोडकाम करणारा (एका प्रवेशातून दुसऱ्यात नेणारं संगीत)

पहिल्या प्रकारातले बहुतेक ध्वनी नेपथ्य आणि प्रकाश सांभाळतील. दुसरा प्रकार नटाच्या हाती जाईल. चौथा जवळपास सगळा जातो. उरला तिसरा, आणि श्रुतिकेचा जीव बहुधा तिथंच असतो. त्यावर लाल खूण करा. तो कसा पोचवायचा हे आत्ता ठरवू नका.

## ३. रूप एकच निवडा

तीन वाटा आहेत. पूर्ण नाटक: पाठांतर, हालचाल, नेपथ्य. अभिवाचन: हातात संहिता, उभं किंवा बसून, मोजका प्रकाश. तिसरी वाट म्हणजे स्टुडिओच रंगमंचावर आणायचा: माईकसमोर नट आणि बाजूला ध्वनी करणारा माणूस, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. सुपात कोरडे वाटाणे फिरवून पाऊस, पत्रा हलवून गडगडाट, करवंट्यांच्या टापा, सेलोफेनचा कागद चुरगाळून आग. ही वाट निवडलीत तर टप्पा ४ आणि ५ जवळपास लागू होत नाहीत, कारण तिथं ‘न दिसणं’ हाच खेळ आहे.

नाट्यगृह बघून ठरवा. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत सूप आणि वाटाणे शेवटच्या माणसालाही दिसतात, नटाचा श्वास ऐकू येतो. तोच प्रयोग बालगंधर्वला लावलात तर मागच्या रांगेला सूप दिसणार नाही, फक्त कुणीतरी काहीतरी पाखडतंय एवढं कळेल.

मिश्रण टाळा. अर्धे नट पाठ करून हालताहेत आणि दोघं कागद घेऊन माईकपाशी उभे, असं केलं की प्रेक्षक कुणावर विश्वास ठेवायचा या गोंधळात पडतो. पाठांतर झालं नाही म्हणून आयत्या वेळी ‘आपण अभिवाचनच करू’ ही सोय तर अजिबात नको. अभिवाचन हे स्वतंत्र काम आहे, अपुऱ्या तालमीचं दुसरं नाव नव्हे.

पुढचं सगळं पूर्ण नाटकासाठी.

## ४. कात्री

नवीन एक ओळही लिहायच्या आधी गाळा. मूळ प्रवेश असा:

> (पाण्याचा घोंघावता आवाज, लोकांचा आरडाओरडा. दाराची कडी जोरात वाजते.)
> इंदू : कोण? अगंबाई, वसंता! अरे, गुडघ्यापर्यंत भिजलायस की! आणि ही खांद्यावर ट्रंक कसली?
> वसंता : वहिनी, ही तुमची लग्नातली ट्रंक. मागच्या कोठीतून उचलून आणली. लकडी पुलावरून पाणी चाललंय!
> अण्णा : वसंता, मी या खुर्चीत बसलोय तो इथून हलायचा नाही, सांगून ठेवतो.

रेडिओवर यातलं काहीच जादा नाही. रंगमंचावर कोण आलं, किती भिजलं, खांद्यावर काय आहे, अण्णा कुठं बसलेत हे सगळं प्रेक्षक ऐकायच्या आधी बघून मोकळा झालेला असतो. कात्रीनंतर:

> (वसंता ट्रंक घेऊन आत येतो. गुडघ्यापर्यंत ओला. इंदू ट्रंकेकडे बघत राहते.)
> इंदू : हीच का आणलीस?
> वसंता : हाताला लागली ती आणली. लकडी पुलावरून पाणी चाललंय, वहिनी.
> (इंदू ट्रंक घेऊन जिन्यापाशी ठेवते. अण्णा उठत नाहीत.)

पुलाचं वाक्य राहिलं, कारण पूल रंगमंचावर नाही. कसोटी एवढीच: दिसतंय ते गाळा, दिसू शकत नाही ते ठेवा. ‘लग्नातली ट्रंक’ हे शब्द गेले, पण माहिती गेलेली नाही. ‘हीच का आणलीस?’ या प्रश्नात ती लपली आणि प्रेक्षकाला एक काम मिळालं. आधीच्या वाक्यात त्याला काही शोधायचंच नव्हतं.

गाळताना या गोष्टी शोधून काढा:

- नावांचा मारा. आवाज ओळखता यावा म्हणून श्रुतिकेत दर दुसऱ्या वाक्याला ‘अरे वसंता’, ‘अहो मास्तर’ असतं. पहिल्या ओळखीपुरतं ठेवा. हाक, धमकी, विनवणी असेल तिथं पुन्हा येऊ द्या. वरच्या उताऱ्यात ‘वहिनी’ वाक्याच्या शेवटी गेलं आणि त्यात काळजी आली, ते बघा.
- येण्या-जाण्याच्या घोषणा. ‘बघा, मास्तर आलेच’, ‘बरं, निघतो मी’.
- चेहऱ्याचं वर्णन. ‘असा पांढराफटक का पडलास?’
- कृतीची जाहिरात. ‘थांब, दिवा लावते’ म्हणत दिवा लावणं.

तपासणी: कात्रीनंतर पानं निदान पाचव्या हिश्शानं कमी झाली नसतील तर तुम्ही भिडेखातर थांबला आहात. पुन्हा बसा. प्रयोगाची लांबी कमी पडेल ही भीती नको. माझ्या अनुभवात, एक शब्दही न वाढवता अर्ध्या तासाची श्रुतिका रंगमंचावर चाळिशी गाठते, कारण माणसांना उठायला, चालायला, गप्प बसायला वेळ लागतो.

## ५. जागा आणि गप्प बसलेली माणसं

आपल्या श्रुतिकेत सात ठिकाणं आहेत: माजघर, बोळ, नदीकाठ, जिना, माडी, मास्तरांची शाळा, दुसऱ्या दिवशीचा चिखल. रेडिओवर एका पावलात नदीकाठ गाठता येतो. रंगमंचावर प्रत्येक उडीला अंधार करून सामान हलवत बसलात तर सहा ब्लॅकआऊट होतील आणि प्रेक्षक विंगेतली कुजबुज ऐकत बसेल.

मुख्य जागा एक ठेवा. इथं माजघर, त्यातून चढणारा जिना आणि माडीची कड पुरते. बोळ आणि नदीकाठ वसंताच्या तोंडून येऊ देत. शाळा गाळा, नाहीतर मास्तरांच्या हातातल्या हजेरीपटात आणा. चिखलाचा प्रवेश त्याच माजघरात, उलटीपालटी केलेल्या सामानासह.

पाणी चढताना दाखवायचं कसं? निळं कापड हलवू नका, हात जोडून सांगतो. पाणी माणसांच्या उंचीतून दाखवा. पहिल्यांदा सामान जमिनीवर, मग पाटावर, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. माणसंही तशीच वर सरकतात. अण्णा तेवढे खालीच. एक फुटाची नि दोन फुटांची लेव्हल (लाकडी चौथरा) असली तरी काम होतं.

आता या सगळ्यातली सर्वांत महाग चूक. रेडिओवर जे पात्र बोलत नाही, ते नसतं. पाच मिनिटं गप्प असलेली आजी श्रोता विसरून जातो. रंगमंचावर ती तिथंच असते आणि सगळे तिच्याकडेच बघतात. काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेत माझ्याच रूपांतरात ही फसगत झाली. दोन भाऊ वाटणीवरून भांडत होते, आणि त्यांची आई, जिला त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं, मधोमध खुर्चीत बसून होती. बाईंनी बिचाऱ्यांनी पदर सारखा केला, चष्मा पुसला, मग पुन्हा पदर सारखा केला. लोक हसायला लागले. भांडण गंभीर होतं.

उपाय म्हणून एक तक्ता करा. उभ्या रकान्यात पान क्रमांक, आडव्या ओळीत पात्रं. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: बोलतोय, आहे पण गप्प, नाही. ‘आहे पण गप्प’ ही खूण सलग दोन पानं आली की निर्णय घ्यायचाच. एकतर त्या पात्राला बाहेर काढा, नाहीतर असं काम द्या ज्याचा बोलणाऱ्यांवर परिणाम होतो. अण्णा गप्प आहेत आणि खुर्ची सोडत नाहीत, हे काम आहे. पदर सारखा करणं हे नाही.

याच तक्त्यात दुसरा साप सापडतो. रेडिओवर एकाच नटानं आवाज बदलून पोस्टमन, शेजारी आणि फौजदार केलेला असतो. रंगमंचावर तो दोन रूपांत एकाच पानावर येऊ शकत नाही, आणि कपडे बदलायला मधे पान-दीड पान तरी लागतं.

## ६. निवेदक, स्वगत आणि मग नवं लेखन

निवेदकाला काढता येतं का, आधी बघा. तो फक्त ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ सांगत असेल तर प्रकाशयोजनाकाराला सांगा, निवेदक घरी. तो कथेवर भाष्य करत असेल, तर त्याला माणूस करा. आपल्या श्रुतिकेतला अनाम निवेदक मी जोशी मास्तरांना देईन. माडीवरून खाली बघणारा माणूस आयताच आहे.

माईकपाशी ओठ नेऊन कुजबुजलेलं मन रंगमंचावर मोठ्यानं बोललं की भाषण होतं. ध्वनिमुद्रित करून स्पीकरवरून वाजवू नका. नट तोंड मिटून छताकडे बघत उभा राहतो आणि बाकीचे पुतळे होतात. स्वगतातला अर्धा भाग कुणाला तरी सांगितलेल्या वाक्यात बदला, पाव भाग कृतीत. उरलेला खरंच एकट्यानं बोलायचा असेल तर तेवढाच बोला. टप्पा २ मधल्या लाल खुणा आता उघडा. सतारीचा जो तुकडा इंदूचं मन सांगत होता, तिथं आता ती ट्रंक उघडते आणि पुन्हा लावते. संगीत नको.

मग नवं लिहा. बहुधा थोडंच लागतं: प्रवेश-प्रस्थानांची कारणं, दोन-तीन थांबे. रेडिओवर सात-आठ सेकंदांची शांतता म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, सेट बिघडला. रंगमंचावर तेवढ्यात सासरा-सुनेचं सगळं नातं मावतं.

या संहितेची स्वच्छ प्रत करा, लेखक किंवा वारसांना दाखवा आणि मग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा.

## ७. तालीम: पाठांतर उशिरा

दोन दिवस वाचन, मग लगेच हातात कागद घेऊन उभं राहणं. ब्लॉकिंगचा पहिला कच्चा आराखडा होईपर्यंत पाठांतराला बंदी. आधी पाठ केलं की सूर पक्का बसतो, आणि तो रेडिओचाच असतो. ज्यांनी मूळ ध्वनिमुद्रण ऐकलंय त्यांना तर जास्तच. नटांना ते ऐकवूच नका.

माईकची सवय असलेला नट वाक्याचा शेवट सोडून देतो. मराठीत हे जीवघेणं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. ‘मी खुर्ची सोडणार नाही’ यातला ‘नाही’ विरला की मागच्या रांगेतल्या माणसाला अण्णा निघाले असं वाटतं. एकाला हॉलच्या टोकाशी बसवा, कागद न देता. त्याला ज्या वाक्याचा शेवट कळला नाही तिथं त्यानं हात वर करायचा. ओरडायला शिकवू नका, शेवटचा शब्द पोचवायला शिकवा.

भरत नाट्य मंदिरात प्रयोग असेल आणि तालीम कुणाच्या गच्चीवर चालली असेल, तर जमिनीवर खडूनं रंगमंचाचं माप आखून घ्या. जिना कुठं येतो हे पहिल्या दिवसापासून पायांना कळलं पाहिजे.

## ८. आता ध्वनी

नाटक ध्वनीशिवाय पूर्ण चाललं की मगच ध्वनी आणा. आधी आणलात तर नट त्याच्या कुबड्या घेतात आणि ‘इथं पाण्याचा आवाज येईल’ म्हणून काहीच करत नाहीत.

- पाण्याचा आवाज प्रेक्षागृहाच्या मुख्य स्पीकरमधून सोडू नका. विंगेमागे, नदी ज्या बाजूला मानली आहे तिथं, एक स्पीकर ठेवा. नट त्या बाजूला वळतील आणि नदी तिथंच राहील.
- सलग चालणारा आवाज संवादाखाली कायम ठेवू नका. प्रवेशाच्या सुरुवातीला ऐकवा, हळूहळू उतरवा, गरजेपुरता परत चढवा. पाऊस आणि पाणी ‘स’, ‘श’ सारखी व्यंजनं खाऊन टाकतात.
- कडी, भांडं, पावलं प्रत्यक्षच वाजवा. ध्वनिमुद्रित कडी नटाच्या हाताआधी नाहीतर नंतरच वाजते.
- क्यू, म्हणजे ध्वनी सोडण्याचा इशारा, शब्दावर देऊ नका, कृतीवर द्या. शब्द चुकतात. इंदूनं ट्रंक खाली ठेवली की क्यू.
- ध्वनी चालवणाऱ्याला रंगमंच दिसलाच पाहिजे. विंगेत पाठमोरा बसवलेला पोरगा अंदाजानं बटण दाबतो.

मूळ श्रुतिकेतलं संगीत वापरायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी. ती संहितेच्या परवानगीत येत नाही.

## ९. रंगीत तालमीतल्या दोन परीक्षा

बाहेरची दोन माणसं बोलवा, ज्यांनी श्रुतिका ऐकलेली नाही. एकाच्या कानात कापूस घाला. त्यानं नाटक बघून कोण कुणाचं कोण, कुणाचं कुणाशी बिनसलंय आणि पाणी चढतंय एवढं सांगितलं पाहिजे. सांगता आलं नाही तर टप्पा ५ कच्चा राहिलाय.

दुसऱ्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बसवा. त्याला सगळं नाटक स्वच्छ कळलं तर तुम्ही नापास: अजून श्रुतिकाच करताय. तो मधे मधे ‘आत्ता काय झालं?’ असं विचारत राहिला पाहिजे. जिथं विचारत नाही ती पानं काढा आणि कात्री पुन्हा घ्या. रंगीत तालीम प्रयोगाच्या आदल्या रात्री ठेवली असेल तर याला वेळच उरत नाही, म्हणून ती निदान चार दिवस आधी.

## १०. प्रयोगाचा दिवस

नाट्यगृह सत्रावर मिळतं, आणि आधीचा प्रयोग लांबला तर तुमचा नेपथ्य लावण्याचा वेळ जातो. लावायचा क्रम कागदावर उतरवून ठेवा: लेव्हल, जिना, दार, मग विंगेतला स्पीकर, मग प्रकाश. स्पीकरची वायर आधी टाकली की लेव्हल तिच्यावर बसते आणि पहिल्या घंटेच्या सुमाराला सगळे ओणवे होऊन वायर शोधत असतात.

ट्रंक रिकामी ठेवू नका. रिकामी ट्रंक उचलणारा खांदा खोटं बोलतो. आत जुनी वर्तमानपत्रं नाहीतर दोन विटा गोणपाटात गुंडाळून घाला, आणि तिसऱ्या घंटेआधी कुलूप लागत नाही ना ते इंदूचं काम करणाऱ्या बाईंनी स्वतः बघावं.